अर्धा हात घेऊन उठायचं नाही

माझी आई आतड्याला भोक पडून मेली नाही.

सकाळपासून दारात येणारे तेच कुजबुजताहेत, म्हणून इथेच सांगते. आई म्हातारपणाने गेली. पहाटे, झोपेत. ते भोक पडलं त्याला किती वर्षं झाली, आणि ते तेव्हाच बुजलं.

दोन हजार सहा-सातची गोष्ट. आर्वीच्या बाजारात आईचं बांगड्यांचं दुकान होतं. संडासातून रक्त जायचं आणि बाई कोणाला बोलली नाही. कळल्यावर मी आणि मामाने तिला वर्ध्याला नेलं. दुर्बिणीची तपासणी होती.

मधेच नर्सने आम्हाला आत बोलावलं. दुर्बीण आतच होती. डॉक्टर तरुण, कपाळावर घाम.

"आतड्यातली गाठ काढताना छिद्र पडलं. माझ्या हातून पडलं."

सरळ तेवढंच. कॉम्प्लिकेशन-बिम्प्लिकेशन काही नाही.

"सर्जन येताहेत. पण छिद्र लहान आहे, आत्ताच दुर्बिणीतून क्लिपा लावून बंद करता येईल. नाहीच जमलं तर ऑपरेशन."

मामा भडकला. "आता तिले हात नोको लावू! आमी नागपूरले नेतो!"

आई अर्धवट गुंगीत होती, पण कान शाबूत.

"ओरडू नोको रे. बांगडी भरता भरता टिचली त मी गिऱ्हाइकाले उठू देतो का?"

आई तिथेच थांबली नाही.

"अर्धा हात घेऊन बाई उठत नाई. ज्याच्या हातून टिचली, त्यानंच हात पुरा भरा लागते. मंग मी काऊन उठू?"

आमच्या धंद्यातला नियम, आणि ही टेबलावर आडवी पडून सुनावत होती! मग डॉक्टरांना म्हणाली, "कर रे बाबा तू. घाबरू नोको."

मी मामाला धरून बाहेर नेलं.

क्लिपा बसल्या. पुढे काही दिवस फक्त सलाईन, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मामा प्रेमाने शिऱ्याचा डबा घेऊन आला, तर आईने तो तसाच परत पाठवला. "डॉक्टर म्हणन तवा खाईन."

पोट न फाडता घरी आली. त्यानंतर कितीतरी वर्षं गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांशी मनसोक्त भांडली. तपासणीला जायची ती त्याच डॉक्टरकडे.

आज ते आले. फाटकाबाहेरच उभे राहिले.

मामा सगळ्यांदेखत म्हणाला, "याच्यावर तवाच केस ठोका लागत होती."

मग मीही सगळ्यांदेखत बोलले. "मामा, चुकलं ते त्यायनं तोंडावर सांगतलं. तुमच्यात हाय का तेवढी हिंमत?"

डॉक्टरांचा हात धरून त्यांना अंगणात आणलं.

बाईमाणूस खांदा देत नाही, असंही कोणी तरी म्हणालं. दिला. पुढे मी, शेजारी डॉक्टर. ते रडत होते, मी नाही. मी आत्ता रडतेय, हे लिहिताना.

सावकाश जा, माय. इथल्यांशी भांडायला मी आहे.