सदू इलो काय?

भर एप्रिलात, मुलुंडच्या उकाड्यात, पंखा बंद करून घामाने निथळत बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या वरच्या मजल्यावरचे काटेकाका. पंखा फिरत असला की इंजिनाचा आवाज नीट ऐकू येत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि इंजिन कुठलं? तर कॉम्प्युटरमधल्या विमानाचं! महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायचा खेळ. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, मालवणकडचा हा गृहस्थ टेबलाला जॉयस्टिक बसवून, पायाशी पेडल लावून, दर रविवारी दुपारी युद्धावर जायचा.

खरं आडनाव परब. पण तोंडात सदा एकच प्रश्न, "काटो खंय आसा?" पाण्याच्या तापमानाचा काटा, तेलाचा काटा. म्हणून मीच त्यांचं नाव काटेकाका ठेवलं. मी तेव्हा नोकरी शोधत घरात बसून सगळ्यांचं डोकं खात होते. आईने वैतागून वर पिटाळलं, ती तिथेच रमले. माझा खाक्या सरळ होता: शत्रू दिसला की थ्रॉटल पुढे करून इंजिनाला पूर्ण दम, होऊ दे काय व्हायचंय ते. त्या विमानांना पूर्ण दम थोडा वेळच झेपतो, मग पाणी उकळतं, तेल तापतं आणि इंजिन जाम होतं. हे काकांनी मला किती वेळा सांगितलं! आणि मी किती वेळा समुद्रात पडले! "अगो मने, येवढी घाई कित्याक?" ते म्हणायचे. "शत्रू तुका मारूचो नाय, तुझा इंजिन तुका मारतला."

एकदा मी खरंच एक विमान पाडलं. खुर्चीतून उठून नाचले, खालून आईने ओरडून विचारलं काय झालं. काकांनी मात्र पडद्याकडे बोट दाखवलं. वेग मिळावा म्हणून मी पाणी थंड ठेवणारी रेडिएटरची झडप मिटली होती आणि उघडायची विसरले होते. नाच संपायच्या आत इंजिन बसलं. "पाडलंस ते झकास," काका म्हणाले, "आता पोहत ये." असा राग आला होता ना मला! पण त्या दिवसापासून झडप विसरले नाही.

काकांचं स्वतःचं असं नव्हतं. त्यांच्या वैमानिकाला नाव होतं, सदू. इंटरनेटवर इतर खेळाडूंबरोबर ते ज्या मोहिमांत उडायचे तिथे नियम कडक, एका वैमानिकाला एकच जीव. मेला की संपला, नवा घ्यायचा. बाकीच्यांचे वैमानिक माश्यांसारखे मरायचे, सदू मात्र वर्षानुवर्षं जिवंत. नाव ठेवलं होतं काकूंनी. त्या आत भाजी निवडत बसायच्या आणि मध्येच हाक यायची, "सदू इलो काय?" चाकं धावपट्टीला टेकली की काका ओरडायचे, "इलो!" मगच काकू भात वाढायला उठायच्या. सदू हवेत असताना त्या घरात कुणी जेवलं नाही. मी हसायचे, पण भूक लागलेली असूनही बसून राहायचे.

काकू अचानक गेल्या. नंतर काकांनी बरेच रविवार कॉम्प्युटर लावलाच नाही. लावला तेव्हा कळलं की डोळ्यांचं काहीतरी बिनसलंय. नजरेच्या मधोमध डाग आला होता. कडेचं दिसे, समोरचं पुसट. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, हे परत यायचं नाही. विमान, आभाळ, जमीन त्यांना मान तिरकी करून दिसायची, पण काटे दिसेनात. ज्या माणसाचं अख्खं उडणं काट्यांवर, त्याला काटेच दिसेनात! मला रडू आलं. ते म्हणाले, "रडतेस काय? ही शेवटची मोहीम. हिच्यातून सदूला घरी आणतो आणि थांबतो."

पण शेवटच्या लढाईला जो येणार नाही, त्याचा वैमानिक बेपत्ता धरायचा, असा नियम. म्हणजे घरी बसून सदू वाचणार नव्हता, उडायलाच हवं होतं. "तू काटे वाच," काका म्हणाले. "मी उडवतो. आणि फक्त काटे हां. सल्ले नकोत."

रविवार. पंखा बंद. मी त्यांच्या शेजारी स्टुलावर. "पाणी नव्वद. तेल सत्तर." जाताना सगळं छान. लढाईत मी डोळे काट्यांवरून काढले नाहीत, माझ्यासाठी ती शिक्षाच. मग खाडकन आवाज झाला, काचेवर पाण्याचा फवारा उडाला. रेडिएटरला गोळी लागली होती. खाली समुद्र, आणि आपला विमानतळ बराच लांब.

"पाणी शंभर. एकशेदहा. काका, एकशेपंधरा!"

काकांनी झडप पूर्ण उघडली, दम कमी केला. शत्रू मागे लागलाच होता. आमच्या तुकडीतला बोरिवलीचा निनाद स्पीकरमधून ओरडत होता, "काका, फुल मारा, पळा! मी बघतो त्याला!" माझेही हात शिवशिवत होते. दे ना यार थ्रॉटल, मरेल ना सदू! पण सल्ले नकोत, असं बजावलं होतं. दात आवळून बसले.

निनादने मागचं विमान कसंबसं हुसकावलं. आणि तेवढ्यात काटा उतरायला लागला. एकशेदहा, शंभर, नव्वद. मी टाळ्या पिटल्या. "काका, उतरतोय! थंड होतंय! वाचला सदू!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. "तेल सांग."

"एकशेवीस," मी म्हटलं, आणि माझाच आवाज बारीक झाला.

"पाणी संपलं, मने. काट्याला मोजायला पाणीच उरलं नाही, म्हणून तो उतरतोय."

काकांनी विमानाचं नाक अलगद वर केलं. उरलेल्या दमात जमेल तेवढी उंची घ्यायची, म्हणजे इंजिन गेलं तरी तरंगत घरी पोचता येतं, हे मला नंतर समजलं. मी तेल वाचत राहिले. एकशेतीस. एकशेचाळीस. इंजिन खोकायला लागलं. पेटलं असतं तर सदूला समुद्रात उडी घ्यावी लागली असती, आणि समुद्रात पडलेला बेपत्ताच. काकांनी कान देऊन ऐकलं आणि स्वतःच्या हाताने इंजिन बंद केलं. विमानाचा पंखा थांबला. नुसता वारा. मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेने धावपट्टी बघत त्यांनी ते विमान तरंगत आणलं. चाकं टेकली, एकदा उसळली, पुन्हा टेकली, थांबली.

काकांनी जॉयस्टिक सोडली. स्वयंपाकघराकडे तोंड करून ते म्हणाले, "सदू इलो गो."

आत कुणी नव्हतं. मी खाली जाऊन आईकडून ताट घेऊन आले. दोघं जेवलो.

महिन्याभरात मुलगी त्यांना कणकवलीला घेऊन गेली. जॉयस्टिक, पेडल, सगळं माझ्याकडे आलं. "सदू आता गावाक जातलो, शेती करतलो," असं म्हणून त्यांनी मला नवा वैमानिक घ्यायला लावला. एकच अट घातली, रविवारी उतरलीस की फोन कर. मी करायचे. "पाणी किती होतं? तेल किती?" एवढं विचारून ते फोन ठेवायचे. मला वाटायचं, म्हातारा खेळाशिवाय राहू शकत नाही, दुसरं काय!

गेल्या थंडीत ते गेले. मी त्यांच्या मुलीला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "रविवारी बाबा तुझा फोन आल्याशिवाय जेवायला बसत नसत. किती वाजले तरी पानावर यायचे नाहीत. म्हणायचे, मनी अजून हवेत आहे."

परवाच्या रविवारी इंजिन तापलं. पुढे पळणारं विमान अगदी टप्प्यात होतं, थोडा दम लावला असता तर पडलंच असतं. मी दम कमी केला, झडप उघडली आणि वळले. उतरले. सवयीने फोन हातात घेतला, आणि काय करू सुचेना. डोळे भरून आले. मग पंखा लावला आणि आत हाक मारली, "आई, ताट वाढ. आले मी."