मोटारीचा ‘राइट’

निपाणी-बेळगाव सर्व्हिस मोटारीचा कंडक्टर एका इंग्रजी शब्दावर दिवस काढायचा. गाडी सोडायला ‘राइट’, उजवीकडे वळायला ‘राइट’, तब्येत विचारली तरी ‘राइट’. कॉन्व्हेंटात शिकणारी मी खिडकीकडे तोंड करून हसायची.

एकदा तिकीट काढून पुढे बसलेल्या बोरगावच्या म्हातारीला एका फौजदाराने स्वतःला बसायला जागेवरून उठवलं.

“आक्का, बसा तुमी. सायेब, मागं जागा हाय,” कंडक्टर म्हणाला.

“गाडी सोड, नाहीतर नोकरी घालवीन.”

“घालवा. आक्का उभी असताना मी राइट म्हणणार न्हाय.”

तो दार धरून उभा राहिला. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. अखेर फौजदार मागे गेला, म्हातारी बसली.

“राइट,” कंडक्टर रोजच्याच आवाजात म्हणाला.

“राइट,” मीही म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.