खात्याचा चेसिस नंबर

ती घटना आठवली की आजही मला आधी माझंच हसू येतं आणि मागोमाग घाम फुटतो. मी तेव्हा जालन्यात पोलीस निरीक्षक होते. माणसाचा चेहरा बघितला की मला गुन्हेगार कळतो, असा माझा पक्का समज. आता नात विचारते, "आजी, तुला खरंच कळायचं?" मी सांगते, कळायचं, फक्त चुकीचा.

जुन्या जालन्यातले एक कापड दुकानदार आपल्या कॉलेजातल्या मुलीला घेऊन ठाण्यात आले. सोशल मीडियावर 'जालन्याचे हिरे' नावाच्या खात्यावर कुणीतरी तिचे घरातले फोटो घाणेरड्या मजकुरासह टाकले होते. पोरीनं घराबाहेर पडणं सोडलं होतं. गुन्हा नोंदवला. सायबर शाखेनं त्या साइटच्या एपीआयकडे, म्हणजे संगणकानं विचारायचं आणि संगणकानंच उत्तर द्यायचं अशी जी खिडकी असते तिच्याकडे, खात्याची माहिती मागवली. उत्तराचा कागद फाइलला लागला: खात्याचं नाव, एक लांबलचक आकडा, बाकी सगळ्या थापा. पुढे त्या नावाचं खातं फोटोंसकट दिसेनासं झालं आणि तपास थंडावला.

तीन महिन्यांनी खबऱ्याचा फोन आला. "मॅडम, ते खातं पुन्हा चालू झालंय. आता सोताचा फोटो लावून बसलाय बेटा!"

पुन्हा माहिती मागवली. खात्याचं नाव तेच. खाली खरं नाव, फोटो, गाव वाटूर, पेशा शिक्षक. मी जीप पाठवली आणि गुरुजींना भर शाळेतून उचलून आणलं.

"फोटो कुठून मिळवले?"

"मॅडम, मी तर पोरायचे खो-खोचे फोटो टाकतो."

"खातं तुझंच आहे ना?"

"हाय. पण ते नाव मला मोकळं भेटलं."

"नाव काय एसटीतली सीट आहे, मोकळी भेटायला?"

हा विनोद मला फार आवडला. मी तो हवालदारांना दोनदा ऐकवला.

"मॅडम, दोन महिन्यांनी कायम होणार हाय मी. अटक झाली तर नोकरी गेली."

"हे आधी सुचायला पाहिजे होतं," असं म्हणून मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले.

लेखनिक रजेवर होता, म्हणून जबाब लिहायला मुद्देमालाची खोली सांभाळणारी शिपाई बसली होती. धावडा गावची, अबोल पोरगी. तिचा पेन थांबला.

"मॅडम, एक बोलू का?"

"आधी लिही."

"लिहून राह्यले. पण दोन कागदावरचा लांब आकडा वेगळाय."

"असेल. नाव तर एकच आहे ना?"

"मॅडम, आपल्याकडं चोरीच्या मोटारसायकली येत्यात. चोर आधी काय बदलतो? नंबर प्लेट. म्हून मी प्लेट बघतच न्हाई, सांगाड्यावर कोरलेला चेसिस नंबर बघते. हे नाव म्हंजे प्लेट. आकडा म्हंजे चेसिस." मग हळूच म्हणाली, "साइटचं तसं पत्रबी आल्तं."

आलं होतं खरं. साइटनं मधल्या काळात नियम बदलले होते. खात्याचं नाव आता सोडता येत होतं आणि सोडलेलं नाव दुसऱ्याला घेता येत होतं. नावावरून विचारलं की एपीआय आजच्या मालकाची माहिती देणार. कायम राहणार तो फक्त आकडा. त्या पत्रावर 'वाचले' असा शेरा मारून मी ऐटीत सही केली होती. वाचलं होतं ते पत्र फाइलला लावणाऱ्या या पोरीनं.

जुन्या आकड्यावरून माहिती मागवली. खातं तेच, पण नवं नाव एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं, वर पत्ता आणि फोन नंबरसकट! दुकान मुलीच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. तिनं तिथं फोनची स्क्रीन बदलून घेतली होती, फोटो तिथूनच गेले होते. दोन्ही कागद समोर ठेवल्यावर तो मोबाइलवाला पाच मिनिटंही टिकला नाही.

"अरे, खातं बंद का नाही केलंस?"

"मॅडम, तीन हजार लोक जमले होते त्याच्यावर. नवीन काढलं तर पुन्हा झिरोपासून खटपट!"

पुरावा टाकून द्यायला माणूस तयार असतो, जमवलेली गर्दी त्याला सोडवत नाही.

बाहेर बाकावर गुरुजी बसले होते. "तुम्ही जा आता," मी म्हणाले. अहो-जाहो आपोआप आलं. ते उठले नाहीत.

"जाऊ कुठं, मॅडम? जीपमध्ये बसताना पोरायनं बघितलं, गावानं बघितलं."

शिपाई नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आम्ही दोघी वाटूरच्या शाळेत हजर. मुलांसमोर, हेडमास्तरांसमोर मी सांगितलं की चूक माझी होती, सरांचा काही दोष नाही. गुरुजी पुढे कायम झाले. मुलगी कॉलेजला जाऊ लागली. बक्षिसासाठी मी त्या शिपाई पोरीचं नाव पाठवलं.

नोकरीत मी मोठमोठ्या साहेबांची हुशारी पाहिली. पण वरिष्ठ अटकेची घाई करत असताना शांतपणे दोन कागदांवरचे आकडे जुळवून बघायला जी छाती लागते, ती मला फक्त त्या पोरीत दिसली. कागद शेवटपर्यंत वाचायचा, आणि खालचं माणूस बोलायला लागलं की आपण गप्प बसायचं, हे मी पन्नाशीत तिच्याकडून शिकले.

शाळेतून परतताना जीपमध्ये मी तिला विचारलं, "बरी मागितली ना गं माफी?"

"चांगली मागितली, मॅडम," ती म्हणाली. "फक्त मागच्या लायनीला ऐकू गेली न्हाई."

मी ड्रायव्हरला जीप वळवायला सांगितली.