आधी आनंद, मग चौकशी

नीलिमाताई गेल्याचा फोन नाशिकहून आला, तेव्हा मी इथे आखातात, सबाह अल-सालेमच्या घरात पोटावर हात ठेवून बसले होते. आठवा महिना लागला होता. रडू येण्याआधी भीतीच आली... या धक्क्यानं बाळाला काही होणार नाही ना?

ताई इथल्या पेट्रोकेमिकल प्रकल्पात इंजिनिअर. जपानी कंपनीबरोबर वर्षानुवर्षं काम करून ती भाषा त्यांच्या तोंडात बसलेली. मला त्याच ऑफिसात नोकरी लागली, तशी मी शुक्रवारी सकाळी जाब्रियातल्या त्यांच्या घरी जपानी शिकायला जाऊ लागले. एकदा त्यांनी विचारलं, "समज, मी म्हटलं माझा भाचा पास झाला. तू काय म्हणशील?"

"किती टक्के पडले?" मी म्हणाले.

त्या खळखळून हसल्या. "अगं, आधी आनंद, मग चौकशी! म्हणायचं, ‘योकात्ता देसु ने!’ बरं झालं ना! शेवटचं ‘ने’ आपल्या ‘ना’सारखं. तेवढ्यानं आपण त्यांच्या आनंदात जाऊन बसतो."

पण माझ्याकडे चांगली बातमी टिकतच नव्हती. आधी दोनदा गर्भ राहिला, पण टिकला नाही. पुन्हा दिवस गेले, तेव्हा मी आईलाही कळवलं नाही. बाळाचे ठोके ऐकू आले त्या दिवशी दवाखान्यातून थेट ताईंकडे जावंसं वाटलं. पण ताईंचा कॅन्सर पसरल्याचं नुकतंच कळलेलं. अशा घरात हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तरी गेले. दार त्यांनीच उघडलं, डोक्याला रुमाल बांधलेला.

"काय गं, चेहरा का असा?"

"ताई... बाळाचे ठोके ऐकू आले."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "योकात्ता! योकात्ता देसु ने!" इतक्या जोरात, की आतून त्यांचे यजमान अनंतदादा धावत आले. कितवा महिना, डॉक्टर काय म्हणाले, काही विचारलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "भीती वाटते?"

"खूप."

"मलाही. ये, बस."

आम्ही दोघी तशाच हात धरून बसून राहिलो... पुढे उपचारांसाठी त्या नाशिकला गेल्या, त्या परतल्याच नाहीत.

गेल्या आठवड्यात मला मुलगी झाली. सुखरूप. तरी ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहते. दादांना कळवायला मन धजेना. त्यांचं दुःख अजून ओलं. शेवटी केला फोन.

"दादा, मुलगी झाली."

 पलीकडून खुर्ची सरकल्याचा, दार उघडल्याचा आवाज आला.

"नीलिमाच्या खोलीत आलोय," दादा म्हणाले. "आता परत सांग. जरा मोठ्यानं."