रंगवलेला बगळा

आता काय झालं होतं ते सांगतो, पण हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात की मला पुढचं सांगवणार नाही. आणि चहा घ्या, निवतोय.

तर मी निवृत्त झालो आणि पक्षीमित्र झालो. म्हणजे मुलीनं भलीमोठी लेन्स असलेला कॅमेरा दिला, आणि घरात कुणी फोटो काढून घेईना! मग दिवाळी झाल्यापासून दर रविवारी नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य. स्वेटर, कानटोपी, थर्मासमध्ये चहा. थंडीभर बदकं काढली, करकोचे काढले, बगळे तर इतके काढले की विचारू नका. रोज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो. लोक कंटाळून अंगठा दाखवायचे. मला वाटायचं, दाद देतायत!

होळी झाली, ऊन तापलं आणि कॅमेरा कपाटात गेला. उन्हातान्हात कोण जातं हो पक्षी बघायला?

एप्रिलमधली गोष्ट. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या मागे एक मोकळं शेत आहे, तिथं म्हशी चरतात. मी गॅलरीत दात घासत उभा. बघतो तर म्हशीच्या पाठीवर बगळा. आणि बगळ्याचं डोकं केशरी! मान केशरी! छातीवरसुद्धा रंगाचा ओघळ!

"सुमन!" मी बायकोला हाक मारली. "अगं, कुणीतरी बगळा रंगवलाय!"

तिनं डोळे बारीक करून पाहिलं. "असेल हो त्याची जातच तशी."

"जात? थंडीभर बगळेच बघितलेत मी! पांढरेशुभ्र असतात!"

आता बगळ्याला रंग कोण लावणार? मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. आमचे चेअरमन खैरनार! मूळचे देवळ्याचे, कांद्याचे व्यापारी, आवाज ट्रॅक्टरसारखा. रंगपंचमीला त्यांनीच पिंपभर रंग कालवला होता. कुठला रंग? केशरी! पुरावा आणखी काय हवा?

ग्रुपवर फोटो टाकला. खाली लिहिलं, 'मुक्या जिवावर केमिकलचा प्रयोग. रंगपंचमी होऊन इतके दिवस झाले तरी रंग निघालेला नाही. संबंधितांना झोप कशी लागते?'

पाच मिनिटांत संबंधित दारात!

"नाना, मी काय करं?" खैरनार चिडले की थेट अहिराणीत उतरतात. "बगळाले रंग लावाले मी काय शेतमा गयतू का?"

"तुम्ही नसाल गेलात. पिंपातलं उरलेलं पाणी कुठं ओतलंत?"

खैरनारांचा चेहरा पडला. "मागं... शेताकडं."

बघा! मी नुसता खडा टाकला होता, तो बरोबर लागला!

मग मोहीम काढली. जुनी मच्छरदाणी, नातवाचा बेबी शाम्पू, बादली. खैरनार बिचारे अपराधी चेहऱ्यानं मागून बादली धरून. मी दबक्या पावलांनी पुढं सरकलो, मच्छरदाणी भिरकावली, आणि ती पडली म्हशीच्या शिंगांवर. म्हैस उधळली, बगळा उडाला, मी शेणात. उठून बघतो तर काय, बांधावर आणखी केशरी बगळे. रांगच्या रांग!

"खैरनार," मी म्हणालो, "तुम्ही अख्खा थवा बाटवलात."

तुम्हाला वाटेल, इथं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला असेल. छे! मला वाटलं, गुन्हा मोठा आहे.

खैरनारांनी मात्र मनाला लावून घेतलं. जेवण जाईना त्यांना. त्यांच्या बायकोनं सुमनला विचारलं, "हे रात्रंदिवस बगळे बगळे काय करतात हो?" शेवटी त्यांनी स्वतःच सभा बोलावली. पुढच्या वर्षीपासून सोसायटीत रंगपंचमी बंद! पोरं रडायला लागली. नाशिकमध्ये रंगपंचमी बंद, म्हणजे घरात श्वास बंद! पण मी छाती काढून पुढच्या खुर्चीत. आणि लोकांना प्रकरणाचं गांभीर्य कळावं म्हणून सिन्नरहून एक पशुवैद्य मॅडम बोलावल्या होत्या. कुणी बोलावल्या? मीच!

मॅडमनी माझे फोटो पाहिले. एक पाहिला, दुसरा पाहिला. मग कॅमेरा हळूच खाली ठेवला.

"काका, हा गायबगळा आहे."

"हो ना! आणि किती क्रूरपणे..."

"उन्हाळ्यात तो असाच होतो. विणीचा हंगाम असतो ना, डोक्यावर, मानेवर केशरी पिसं येतात. पावसाळा सरला की परत पांढरा. तुम्ही उन्हाळ्यात कधी पाहिला नाहीत?"

"उन्हाळ्यात... ऊन असतं हो."

मग मागून एक पोरगं ओरडलं, "म्हणजे रंगपंचमी आहे!" आणि टाळ्यांचा कडकडाट.

मी खैरनारांकडं बघितलं. आता ट्रॅक्टर सुरू होणार! होऊ दे. माणसाला मी त्याच्या अन्नावरून उठवलं होतं. शरमेनं मी मान खाली घातली.

तिथंच चुकलो. मान खाली घातली की डोकं वर येतं.

खैरनार माझ्या डोक्याकडं टक लावून बघत राहिले. मग मॅडमकडं वळून शांतपणे म्हणाले, "म्हंजे मॅडम, बगळ्यांचा रंग ओरिजिनल हाय. मंग अख्ख्या सोसायटीत केमिकलचं डोकं एवढं एकच!"

सभेत हशा पिकला हो! मॅडमसुद्धा रुमालात तोंड लपवून हसत होत्या. आणि माझी सुमन, माझी अर्धांगिनी, माझी अब्रू वाचवायला ताडकन उठली आणि भर सभेत खड्या आवाजात म्हणाली,

"उगाच काहीही बोलू नका! केमिकल नाही, शुद्ध मेंदी आहे ती. परवाच मी माझ्या हातानं थापलीय!"