कोपरापर्यंत वाळू

नाना बिडवे गेले तेव्हा मी तुकोगंजच्या ऑफिसात होतो. फोनवर काकू म्हणाल्या, "सकाळी चहा घेतला, गॅस नीट बंद केला का म्हणून विचारलं, आणि... गेले." इतक्या दुःखातही मला हसू आलं. नाना शेवटचंही गॅसबद्दलच बोलले होते.

त्याला आता दीड महिना झाला. सुदामा नगरात आमची घरं समोरासमोर. नाना एकाहत्तरच्या लढाईत होते. फौजेतून सुटले ते फायर ब्रिगेडमध्ये लागले, तिथूनच रिटायर झाले. लढाईचं विचारलं की म्हणायचे, "ट्रक नेला, परत आणला. बस." आगीबद्दल मात्र सुरू झाले की थांबायचे नाहीत. लग्नाला गेले की नवरा-नवरीच्या आधी बाहेर पडायचा दरवाजा बघायचे. पोह्यांच्या ठेल्यावर पहिला घास घ्यायच्या आधी, "भिया, सिलिंडर जरा परे सरकाओ, फिर खाएँगे." ठेलेवाला नोकराला ओरडायचा, "सरका दे रे, दादा आ गए!"

कॉलनीच्या गणपतीत मांडवाच्या दाराशी चार लाल बादल्या असायच्या, वाळूच्या. ती वाळू नाना स्वतः चाळायचे, उन्हात वाळवायचे. ओली वाळू गोळा होऊन पडते, आगीवर पसरत नाही, म्हणायचे.

आता जे लिहितोय ते मी वीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या वर्षी सजावट माझ्याकडे होती, नदीचा देखावा. काठाला वाळू कमी पडली आणि आरती तासाभरावर आलेली. मी नानांच्या बादल्या देखाव्यात ओतल्या. कळू नये म्हणून आत विटांचे तुकडे भरले आणि वर चार बोटं वाळू पसरली. उद्या भरून टाकू, म्हटलं. आरती ऐन रंगात असताना दिव्यांच्या माळेतून ठिणगी उडाली, पडदा पेटला. नाना धावले, बादली उचलून जोरात भिरकावली... मूठभर वाळू आणि मागून धडाधड विटा! एक थेट सेक्रेटरींच्या बाजाच्या पेटीवर. पेटी भों करून गप्प झाली. नानांनी पडदा हातांनीच ओढून पाडला आणि बुटांनी तुडवून विझवला. डावा तळवा मात्र चांगलाच भाजला.

"ह्या विटा कोणी भरल्या?" सेक्रेटरी ओरडले. मी हातात टाळ घेऊन उभा. नानांनी एकदा माझ्या नदीकडे बघितलं. "मीच," ते म्हणाले. "वाळू कमी होती."

पुढे कित्येक महिने कॉलनी हसत होती. "क्यों नाना, आग बुझाते हो कि मकान बनाते हो?" नानाही हसायचे. मीही हसलो... हे लिहिताना सगळ्यांत जड जातंय.

पुढच्या वर्षापासून गणपती बसायच्या सकाळी नाना मला हाक मारायचे. "ये, बादलीत हात घाल. एवढाच? अरे, कोपरापर्यंत घाल! लागला तळ? चल आता, चहा घेऊ." म्हातारपणाची लहर, असं मी स्वतःला समजावत राहिलो. दरवर्षी ठरवायचो, आज सांगू. चारही बादल्या व्हायच्या, चहा व्हायचा, आणि मी घरी यायचो.

गेल्या आठवड्यात काकूंना सांगितलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माहितीये. घरी येऊन हाताला मलम लावता लावता त्यांनी पहिलं हेच सांगितलं. तुझ्या नदीची वाळू चाळलेली होती नं."

"मग मला कधी बोलले कसे नाहीत?"

"मीही म्हटलं, चांगलं खडसावा त्याला. तर म्हणे, बादली मी वरवर बघितली, हात घालून बघायला हवी होती, चूक माझीच." काकूंना हसू आलं. "पण दरवर्षी तू चहा पिऊन गेलास की म्हणायचे, आजही नाही बोलला लेकाचा. बोलेल, बोलेल."

मला तिथे बसवेना. उठून ओसरीत आलो. कोपऱ्यात चार लाल बादल्या होत्या, यंदासाठी भरून ठेवलेल्या. बाही वर केली आणि हात घातला. कोरडी, बारीक, चाळलेली वाळू. कोपरापर्यंत.

"लागला का तळ?" काकूंनी आतून विचारलं.

"लागला."

"मग ये, चहा ठेवते. आणि झाला की गॅस तू बंद कर."