तो फोन मी केलाच नव्हता

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर वाचायचे ते त्यातली चूक शोधायला. असल्या गोष्टी मी मानत नव्हते. आज स्वतः लिहितेय, कारण माझ्या अनुभवातली चूक मला सापडत नाहीये...

दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्धा जिल्ह्यात मोठा पूर आला. आर्वी तालुक्यातल्या कितीतरी गावांचा संपर्क तुटला. इथल्या अँब्युलन्स पुरेनात, म्हणून यवतमाळ, अमरावतीहून गाड्या मदतीला आल्या. त्या ड्रायव्हरांना इकडचे आडरस्ते माहीत नव्हते. मग वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या एका हॉलमध्ये आम्हा काही जणांना बसवलं — प्रत्येक गाडीसाठी एक स्थानिक माणूस, फोनवरून रस्ता सांगायला. अनोळखी माणसाशी मी अगदी हळू आवाजात बोलते. पण आमचं शेत आर्वी तालुक्यातल्याच रोहण्याला, ते रस्ते मला पाठ.

माझ्याकडे यवतमाळचे गजूभाऊ होते.

"ताई, जरा जोरात बोला ना. तुमच्यापायी मले सायरन बंद करा लागते!"

दुपारी ते रोहण्याला गेले. गोठ्याची भिंत अंगावर पडून एक जण जखमी होता. गजूभाऊंनी फोनवर नाव सांगितलं... माझे बाबा. श्वास लागत होता. मी घाईघाईत नेहमीचा, नाल्यावरच्या पुलाचा रस्ता सांगितला आणि फोन कट झाला. पाचच मिनिटांत बातमी आली — पूल वाहून गेला.

मी चौदा वेळा फोन लावला. एकदाही लागला नाही. बाबांना त्या पुलावर मीच पाठवलं होतं.

हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभी राहिले. तासाभरानं गाडी आली. बाबा शुद्धीत होते.

"पूल..." एवढंच तोंडातून निघालं. गजूभाऊंनी आवाजावरून मला ओळखलं.

"तुम्हीच त सांगतलं, ताई! पुलावर जाऊ नका, कालव्याच्या रस्त्यानं या म्हणून. अन् कशा ओरडल्या! म्या म्हटलं, बाईले आज आवाज फुटला."

"मी फोन केलाच नाही..."

त्यांनी मोबाईल दाखवला. माझा नंबर, आलेला कॉल, दोन मिनिटं.

बाबांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. "स्पीकरवर होता. मीबी ऐकला. तुहाच आवाज, बेटा. पण तू वऱ्हाडी बोलून राह्यली होती."

मला वऱ्हाडी समजते, बोलता येत नाही. कालव्याचा रस्ता सुरू आहे, हेही मला ठाऊक नव्हतं.

माझा इंजिनिअर भाऊ म्हणतो, नेटवर्कची गडबड असेल. असेल. मग बोललं कोण?

गजूभाऊ लगेच पुढच्या पेशंटसाठी निघाले. खिडकीतून म्हणाले, "मलेबी घरी लेकरं आहेत, ताई. थँक्यू!" ते थँक्यू माझं नव्हतं. आज बाबा शेतावर गेलेत, आणि ते थँक्यू कोणाकडे पोचवायचं, मला अजून कळलेलं नाही.